कळंबच्या मोंढ्यात रुमालाखाली ठरलेली माझी नोकरी

धाराशिवहून कळंबला जायचं तर येडशी-येरमाळा रस्ता धरा, आता दीडेक तास पुरतो. ताश्कंदला भारत-पाकिस्तानची बोलणी चालू होती त्या १९६६च्या जानेवारीत आमची मात्र एसटीत अख्खी सकाळ गेली. मी अर्थशास्त्राचा ताजा बी.ए., शेजारी अब्बा. कळंबच्या शाळेत मास्तरची जागा होती, आणि ती मला द्यायची की नाही हे शाळेचे चिटणीस शिवलिंगआप्पा ठरवणार होते. आप्पा धान्याचे आडते, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे; अब्बा धाराशिवच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. तेवढीच ओळख.

येडशीपासून अब्बांचं एकच चाललेलं, "वहाँ मुल्कों की बातां नक्को कर."

पाकिस्तानशी लढाई झाल्यापासून ते गल्लीतसुद्धा दबक्या आवाजात बोलत. येरमाळ्याची गरम भजी (आजही चुकवू नका) त्यांनी नुसती हातात धरून ठेवली.

आप्पांच्या दुकानी चहा आला आणि वर्तमानपत्रावरून वाद पेटला.

"बोलणी समद्यांसमोर व्हावीत," एक व्यापारी म्हणाला. "बंद खोलीत काय देऊन बसतील, कुणाला ठावं?"

"अन् बोलणी मोडली, अमेरिकेनं गहू थांबवला तर खायचं काय?" दुसऱ्यानं विचारलं.

आप्पा माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमचं शास्त्र काय म्हंतं?"

अब्बांनी मागून माझा सदरा ओढला. मी देशांचा विषय शिताफीनं टाळला आणि म्हणालो, "शास्त्र म्हणतं, भाव उघड हवा. रुमालाखाली ठरलेल्या भावात शेतकरी आंधळाच राहतो."

मोंढ्यात तेव्हा व्यापारी आणि आडत्या हातांवर रुमाल टाकून आतल्या आत बोटं दाबत, त्यावर भाव ठरे. मालाच्या धन्याला दिसायचा तो नुसता रुमाल. मुलखांचा विषय चुकवायला जाऊन मी शहाण्यानं आप्पांच्या धंद्यालाच हात घातला होता.

"पोरगं हुशार हाय, मौलाभाई," आप्पा अब्बांना सावकाश म्हणाले. "पन रुमालाबद्दल किती वर्सं गप ऱ्हाईल?"

आणि त्यांनी अब्बांच्या हातावर रुमाल टाकला. आत बोटं हलली. थंडीतही अब्बांच्या कपाळावर घाम आला. मग आप्पा मला म्हणाले, "जूनला हजर व्हा."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "कितने बरस?"

"पाँच."

"मेरे को पूछे बिना?"

"तेरे को पूछता तो तू तकरीर करता." भाषण ठोकलं असतं, हे खरंच.

घरी अम्मीनं शेवया केल्या. मी वाटी बाजूला सारली. राग होता, आणि त्याहून जास्त लाज. उघड भावाची वकिली करणाऱ्याचा स्वतःचा सौदा झाकलेल्या हातांनी झाला होता.

पाच वर्षं मी अब्बांचा शब्द पाळला. सहाव्या वर्षी कळंबच्या भर सभेत रुमालाविरुद्ध घसा कोरडा पडेपर्यंत बोललो. आप्पा पुढ्यात बसून ऐकत होते, शेवटी त्यांनीही मान डोलावली. अब्बा आदल्याच वर्षी गेले होते.