उजव्या बाजूच्या पट्ट्या

माझ्या मावशीच्या यजमानांना सगळे कवळीकाका म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. एकतीस वर्षं ते एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत आणखी दोघांबरोबर बसून लोकांचे खोटे दात बनवतायत. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि उजव्या हाताला कानाच्या उंचीवर घासायची मोटर. ती सुरू झाली की दारात उभं राहून हाक मारण्यात अर्थ नसतो.

माणूस अत्यंत काटेकोर. कवळी जरा टोचते म्हणून कुणी परत आलं, की ते दाताला जवळजवळ डोळा लावून बघायचे आणि केसाएवढा भाग घासून द्यायचे. आयुष्यात दोनच गोष्टींवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, स्वतःच्या अंगठ्यावर आणि स्वतःच्या नजरेवर. गाण्याबजावण्याशी मात्र काडीचा संबंध नाही. मावशी म्हणायची, "यांच्यापुढे रेडिओ लावला काय नि मिक्सर लावला काय, सारखंच."

तर झालं असं, की वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्याचा जिना चढवेना, म्हणून काका त्यांची कवळी बसवायला स्वतः दुकानात गेले. म्हातारे आरशात बघून दात वाजवत बसले आणि काकांची नजर काउंटरवरच्या एका लाकडी पेटीवर गेली. तळहातावर मावेल एवढी, मधे गोल भोक, आणि वर पोलादी पट्ट्यांची रांग. त्यांनी सवयीनं पट्ट्या मोजल्या. मधे एक, डावीकडे आठ, उजवीकडे आठ.

"हे काय आहे?"

"कलिंबा," बाई म्हणाल्या. "अंगठ्यानं वाजवायचं. पण याचा क्रम लोकांना लवकर कळत नाही. सर्वांत खालचा स्वर मधे, पुढचा डावीकडे, त्याच्या पुढचा उजवीकडे, असं आलटून पालटून बाहेर जायचं."

"यात न कळण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "दातही असेच मोजतात. मधून बाहेर, दोन्हीकडे आठ आठ."

त्यांनी अंगठा टेकवून एक पट्टी सोडली. तो आवाज त्यांना कुठे लागला देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी काम संपवून ते पुन्हा दुकानात हजर. दोन तास निवड चालली. एक सपाट फळीवरचं होतं, त्याचा आवाज मवाळ पण लगेच विझणारा. दुसऱ्याचं लाकूड सुरेख, पण एक पट्टी करकरत होती. बाईंनी तिच्याखाली कागदाचा कपटा सरकवून करकर घालवली, तरी काकांच्या मनातून ते उतरलं ते उतरलंच. शेवटी आदल्या दिवशीचं भोकवालंच घेतलं. बाईंनी बरोबर एक इवलीशी हातोडी दिली आणि बजावलं, "वाजवून झालं की पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसा, घामानं गंजतात. सूर बिघडला तर हातोडीनं हलकेच ठोकायचं. वरून ठोकलं की पट्टी लांबते, सूर उतरतो. खालून ठोकलं की चढतो. उगीच मात्र ठोकू नका."

पहिले आठ दिवस मजेत गेले. काका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे आणि सोपी धून शोधत राहायचे. अंगठ्याच्या नखाखाली फोड आला, तेव्हा नख किती वाढवायचं यावर त्यांनी मावशीचं डोकं खाल्लं. मग एका रविवारी त्यांनी ठरवलं, प्रत्येक पट्टी नीट तपासायची. कवळी डोळ्याला लावतात तसा त्यांनी कलिंबा कानाला लावला. डावीकडच्या पट्ट्या डाव्या कानाला, उजवीकडच्या उजव्या कानाला.

"उजवी बाजू अख्खी चढली आहे," ते म्हणाले.

हातोडी निघाली. उजव्या आठही पट्ट्या त्यांनी केस केस उतरवल्या. समाधानानं स्टुलावर बसले, धून वाजवली, आणि मावशीनं हातातली सुरी खाली ठेवली.

"अहो, काय केलंत? काल बरं वाजत होतं की!"

"काल चुकीचं होतं. आता बरोबर आहे."

"हे बरोबर? कुत्र्याचा पाय दारात चिमटल्यासारखं वाजतंय."

काकांनी पुन्हा वाजवलं. आणि गंमत म्हणजे त्यांनाही ते बिनसलेलं वाटलं. पट्टी कानाला लावली की बरोबर, मांडीवर घेऊन वाजवलं की चूक. ते दुकानात गेले. बाईंनी मोबाइलवरचं सूर मोजायचं यंत्र लावलं, उजवी बाजू पुन्हा चढवली, प्रत्येक पट्टीला हिरवा दिवा लागला. काका घरी आले, कानाला लावून बघतात तर उजवी बाजू पुन्हा चढलेली.

असं तीनदा झालं. पहिल्यांदा त्यांनी हवेला दोष दिला, दुसऱ्यांदा लाकडाला. तिसऱ्यांदा त्यांना वाटलं, मोबाइलच खोटं बोलतोय. मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर दोन मोबाइल आणि एक भिंग होतं. "मला एक सांग," ते मला म्हणाले, "पोलादाची पट्टी पिशवीत बसून आपोआप चढते का?" मी म्हटलं, मला नाही वाटत. "मलाही नाही वाटत," ते म्हणाले. "मग कोण चढवतंय?" आणि त्यांची नजर हळूहळू मावशीकडे वळली.

मावशी त्या दिवशी धूळ पुसत होती.

"माझ्याकडे काय बघताय?"

"तू पुसताना हात लावतेस का याला?"

"मी? तुमच्या त्या खेळण्याला?" मावशी फडकं आपटून म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं! आणि आता अंगणात मला उभं करताय होय?"

दोन दिवस अबोला. काका कामावर जात होते, पण तिथंही एका गिऱ्हाइकाला वरचा जबडा खालचा म्हणून दाखवला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. आपल्याला काय झालंय ते त्यांना कळेना, आणि न कळण्याची त्यांना सवयच नव्हती. घरी आले की कलिंबा समोर ठेवून नुसते बघत बसत.

मावशी शाळेत शिपाईण होती, पोरांच्या लबाड्या पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावलं, म्हणाली, साक्षीदार हवा. काकांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला.

"मी दोन पट्ट्या वाजवते. कुठली चढी ते सांगा."

तिनं काकांचा उजवा कान त्यांच्याच हातानं बंद करायला लावला आणि डाव्या कानाशी एक पट्टी वाजवली. मग डावा बंद, उजव्या कानाशी एक.

"दुसरी चढी आहे. स्पष्ट आहे."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिनं दोन्ही वेळा मधली एकच पट्टी वाजवली होती.

"एकच होती," मी म्हटलं.

काकांनी रुमाल ओढला. "तुम्ही दोघी मिळून माझी चेष्टा करताय."

"मग तुम्हीच वाजवा," मावशी म्हणाली. आता तिचा राग कुठच्या कुठे गेला होता.

काकांनी स्वतः वाजवली. डाव्या कानाशी, उजव्या कानाशी, पुन्हा डाव्या. निदान वीसदा. मग कलिंबा मांडीवर ठेवून अगदी हळू म्हणाले, "एका पट्टीचे दोन स्वर कसे असतील?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि कागदावर दोन रेघा काढल्या. डावी बऱ्यापैकी सरळ होती, उजवी एका जागी खड्ड्यात गेली होती.

"तुमच्या उजव्या बाजूला काय असतं कामावर?"

"मोटर."

"किती वर्षं?"

काकांनी सांगितलं. बाईंनी मान हलवली. उजवा कान दुखावला आहे, म्हणाल्या, त्याला काही आवाज कमी येतात आणि काही जरा चढे ऐकू येतात. रोजच्या बोलण्यात ते कळत नाही, मेंदू सांभाळून घेतो. गेलेलं परत येणार नाही, पण यापुढे मोटर चालवताना कान झाका, म्हणजे आणखी जायचं नाही.

"म्हणजे वाद्य ठीक आहे?"

"वाद्य ठीक आहे."

"आणि मी चूक आहे."

"तुमचा डावा कान ठीक आहे," बाई समजुतीनं म्हणाल्या.

परतताना बसमध्ये काका खिडकीशी बसले, मावशी त्यांच्या उजवीकडे. मधेच म्हणाले, "जेवायला तू नेहमी उजवीकडेच बसतेस."

"मग?"

"मग तुझा आवाज खरा कसा आहे, ते मला माहीत आहे की नाही?"

"माझा आवाज तुम्ही कुठल्याच कानानं ऐकला नाहीत कधी," मावशी म्हणाली. पण उठली, आणि समोरची जागा रिकामी झाली तशी जाऊन त्यांच्यासमोर बसली.

काकांनी दंतवैद्यांकडे हट्ट धरून मागच्या खोलीतल्या बाकी दोघांचेही कान तपासून घेतले. त्यातल्या एकाचा कान दुखावलेला निघाला. आता मोटर आवाज अडवणाऱ्या पेटीत असते आणि तिघंही कानांवर टोप्या चढवून बसतात. काका याबद्दल बोलत नाहीत, मावशी मात्र भेटेल त्याला सांगते.

हातोडी मावशीच्या ताब्यात गेली. महिन्यातून एकदा ती मोबाइल लावून सूर बघते, लागलं तर एखादी पट्टी ठोकते, फडक्यानं पुसते. काका तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जातात. स्वतःच्या हातातलं काम दुसऱ्यानं तपासावं, हे त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही.

वाजवतात मात्र रोज. उजव्या कानात कापूस घालून बघितला, तर म्हणे सूर बरोबर येतो पण अर्धी खोली नाहीशी होते. कापूस काढला की प्रत्येक स्वराशेजारी दुसरा एक उभा राहतो, किंचित वर. मागच्या महिन्यात मी विचारलं, "काका, मग कसं छान वाटतं, कापसासकट की बिनकापसाचं?"

त्यांचा अंगठा मधल्या पट्टीवर होता. वाजवली, डोकं एकीकडे कलवलं, पुन्हा वाजवली, दुसरीकडे कलवलं.

"तुला ही एकच ऐकू येते ना?" त्यांनी विचारलं.

"हो, एकच."

"नक्की?"

खरं सांगते, त्यांनी असं काही विचारलं की मीही डोकं कलवून ऐकायला लागले.