वजा आलेला बर्फ

उपग्रह ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फाची पाण्यावरची उंची मोजतो. त्यावरून जाडी काढायचं काम मी वारज्यातल्या घरी बसून करते. पातळ बर्फावर कधीकधी उत्तर शून्याच्याही खाली यायचं. वजा जाडीचा बर्फ असतो का कुठे? वर्षभर मी असे आकडे बिनदिक्कत उडवले. परवा लक्षात आलं, मोजमाप कधी जास्त चुकतं, कधी कमी. मी फक्त कमीचे पुसत होते, म्हणून सरासरी फुगली होती. मग खुर्चीत बसवेना. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत वडिलांना सगळं सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आम्हीही कच्च्या मुलांना दहावीला बसू देत नव्हतो. निकाल शंभर टक्के लागायचा."

"आणि ती मुलं?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं.