जवळूनच वळून ये

"खरं सांग, होईन का नाही? होत नसन तर नाही म्हन."

साधी पँट लहान करायला टाकतानाही काका असे दरडावत. धरमपेठेत माझं टेलरिंगचं छोटंसं दुकान आहे आणि माझं उत्तर ठरलेलं, "होऊन जाते, काका." झालं! त्यांचा पारा चढलाच. "होऊन जाते म्हनू नको! नाही म्हनता येत नाही का बे तुले?" मी मनातल्या मनात चरफडायचो. अहो, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कुठला शिंपी जगलाय, तुम्हीच सांगा.

काका विमानतळाच्या टॉवरमधून निवृत्त झालेले. विमानांना उतरण्याचा रस्ता सांगायचा, हे त्यांचं काम. प्लंबर असो की भाजीवाला, सगळ्यांशी त्यांचा हाच वाद. एका लग्नात तर थेट नवरदेवालाच विचारलं, "मनातून हो म्हनून राहिला ना?" मुलीच्या बापाने त्यांना हाताला धरून सरबताकडे नेलं.

एका दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा ते आपणहून बोलले.

एक लहान प्रवासी विमान उतरायला आलं होतं आणि त्याच्या मागे एक मोठं होतं, म्हणून लहानाला लवकर उतरवायचं होतं. "मी म्हटलं, जवळूनच वळून ये, जमन का? हुकूम नव्हता तो. पायलट नाही म्हनू शकते. पन पोरगा ओळखीचा, मले काका म्हने. म्हने, होऊन जाते, काका."

वळण आखूड पडलं. धावपट्टी सुटते असं दिसल्यावर त्याने विमान आणखी वळवलं. वेग आधीच कमी झाला होता, पंखांना हवेचा आधार उरला नाही आणि विमान अलीकडच्या शेतात कोसळलं. कोणीही वाचलं नाही. चौकशीत पायलटची चूक निघाली. त्याने वेग राखला नाही, वर उठून पुन्हा फेरी मारायला हवी होती, असं ठरलं.

"मले कोनी काही म्हटलं नाही. सुटलो मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुटलो कुठं गा?"

"त्याच्या मायले सांगून काहून टाकत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"तोंडच उघडत नाही ना बे."

तो मुलगा त्याच्या वस्तीतला पहिला पायलट. आई दरवर्षी त्याच्या आठवणीत विहारात जेवण द्यायची. त्याच वस्तीत लोक म्हणायचे, पोरानं घाई केली, सोबतच्यांनाही घेऊन गेला. काका दरवर्षी जात, मागे बसत आणि गप्प परत येत. एका वर्षी मला बरोबर नेलं. वंदना झाली. आई खीर वाढत आमच्यापर्यंत आली आणि काका उठून उभे राहिले.

"माय..."

ती थांबली. सगळे बघायला लागले.

"पानी मिळन का थोडं?" म्हणाले, आणि बसले.

परतताना मी त्यांना चांगला फैलावर घेणार होतो. पण स्कूटरवर माझ्यामागे बसून तो म्हातारा माणूस हुंदके देत होता. मी स्कूटर हळू केली.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. माझ्याने राहवेना. त्या माउलीच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"मले माहीत आहे गा. टॉवरातलं बोलनं टेपवर होतं, चौकशीवाल्या सायबानं तवाच सांगतलं होतं."

मी उडालोच. "मंग वस्तीत काहून बोलल्या नाही, माय?"

"मायचं कोन आइकते? माय तर पोराकडूनच बोलन. टॉवरवाल्या काकानं एकदा चार लोकायसमोर बोलावं म्हनून तर दरवर्षी त्याले जेवाले बोलावत होती मी." तिने तांदळातला एक खडा वेचून टाकला. "माझं पोरगं तसंच बदनाम रायलं ना आता."

"मी सांगतो वस्तीत," मी म्हणालो.

"तू होता का टॉवरात?"

मी नव्हतो. तिने सूप जवळ ओढलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.