न्यूपोर्ट न्यूजचे चाचा

न्यूपोर्ट न्यूज या अमेरिकेतल्या गावाची सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आणि त्याने आजवर समुद्र पाहिलेला नाही. हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून जबाबदारीने सांगतो. गल्ली त्यांना चाचा म्हणते. उभी हयात त्यांनी आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं. पुढे चाची वारल्या, एकुलता पोरगा अमेरिकेला त्या गावी नोकरीला गेला, आणि घरात उरले ते चाचा, एक टेबलपंखा आणि न्यूपोर्ट न्यूज.

गावाच्या नावामुळे सुरुवातीला फार घोटाळे झाले. पानठेल्यावरच्या माणसाने तर सांगून टाकलं, "थो पेपर इकडं येत नाही चाचा, नागपूरले पाहा." चाचा खवळले. "पेपर नाही बाप्पा, बंदर हाय बंदर! जहाजं बनते तिथं. वरून इमानं उडतीन, एवढाली जहाजं!" तेव्हापासून जो भेटेल त्याला ते हे गाव पहिल्यापासून सांगत. मोर्णा नदीच्या पुलावरून जाताना थांबत, कठड्यावरून वाकून पाणी पाहत आणि खिन्न होऊन म्हणत, "इथं डोंगा बी रुतन. तिथल्या नदीत पुरं जहाज तरंगते, सर." कुणाच्या लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी स्टेजचा लोखंडी सांगाडा बघत. सांध्यावर बोटाने टकटक करत. एकदा आमच्याच नात्यातल्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते स्टेजखाली शिरले होते. बाहेर आले ते मान हलवत. "असा जोड जहाजाले दिला असता तर पाचशे मानसं बुडाली असती." नवरदेवाच्या मामांनी हा अपशकुन मानला आणि मला जेवणापर्यंत त्यांची समजूत घालावी लागली.

मी त्यांना एकदा आमच्या शाळेत बोलावलं. नववीला बंदरं शिकवायची होती. एक तास ठरला होता. चाचांनी दोन घेतले, आणि मधल्या सुट्टीतही एकही पोरगं उठलं नाही. फळ्यावर त्यांनी दोन रेघा ओढल्या, एक तिकडची रेल्वे आणि एक इकडची. "तिकडं डोंगरात कोळसा होता. एका रेल्वेवाल्या शेठनं रूळ थेट खाडीपर्यंत नेले. कोळसा न्याले जहाजं आली. जहाजं आली तं बिघडू लागली. बिघडली तं दुरुस्तीचा कारखाना आला. अन् दुरुस्ती करता करता लोकं म्हनले, आपूनच काहून बनवू नये? आज त्या गावात घरटी एखादा तरी त्या कारखान्यात भेटन." मग खडू अकोल्याच्या रेघेवर आपटून ते म्हणाले, "आपल्याकडंही रेल्वे आली. कापूस न्याले. आपून काय बांधलं?" पोरं एकमेकांकडे पाहू लागली. "गाठी!" चाचा म्हणाले. पोरं हसली. मीही हसलो. चाचा मात्र फळा पुसत बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे तिकडच्या सकाळी, पोराचा फोन यायचा. त्याच्या आधी चाचा दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि कागदावर प्रश्न लिहून बसत. एकदा मी तिथेच होतो. "बेटा, नया जहाज पानी में उतरा क्या? कोयले की गाडियाँ अब भी आती हैं?" पोरगा दवाखान्याच्या संगणक विभागात कामाला, त्याचा जहाजाशी काय संबंध? तरी तो नीट, अडखळत उत्तरं देत होता. फोन झाल्यावर मी म्हणालो, "चाचा, त्याला जरा त्याच्या कामाचं विचारा की."

चाचांनी कागदाची घडी घातली. "त्याचं काम मले समजत नाही, सर. मग मी तब्येत इचारतो. बरी हाय म्हनलं का बोलनं सरलं. दोन मिन्टं. जहाजावर आलं का पंधरा मिन्टं जाते." मग उगाच हसून म्हणाले, "म्हनून तं शिकलो हे सारं."

मागच्या वर्षी पोराने नोकरी बदलली. देशाच्या मध्यावर, समुद्रापासून फार लांबच्या शहरात. त्या रविवारी चाचांनी विचारलं, "वहाँ क्या बनता है?" तो म्हणाला, "कुछ नहीं अब्बा. सब ऑफिस हैं." चाचांनी कागद पाहिला. त्यावरच्या एकाही प्रश्नाचा आता उपयोग नव्हता. "तब्येत ठीक?" "ठीक." पुढचे कित्येक महिने फोन दोन मिनिटांवर आला. चाचा पुलावर थांबेनासे झाले. गल्लीत कुणी मुद्दाम "चाचा, बंदर काय म्हणते?" असं विचारलं, तर "ठीक हाय" म्हणून पुढे जात.

हिवाळ्यात पोरगा आठ दिवसांसाठी आला. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा चाचा त्याच्यासाठी शीरमाल, त्याची आवडती गोडसर रोटी, आणायला बाहेर पडले होते. पोरगा खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "काका, एक विचारू? अब्बांना त्या गावाचं एवढं वेड काहून होतं? मी सहा वर्षं राहिलो तिथं, त्या कारखान्याच्या फाटकाजवळही गेलो नाही. दर शनिवारी इंटरनेटवर वाचून ठेवायचो. म्हटलं, उद्या अब्बा विचारतील, उत्तर आलं नाही तर नाराज होतील."

एकाने विचारता यावं म्हणून अभ्यास केला होता, दुसऱ्याने सांगता यावं म्हणून. मी म्हणालो, "त्यांना जहाजाचं वेड नव्हतं रे. तुझ्याशी बोलायचं होतं."

तेवढ्यात चाचा आले. पिशवी ठेवली, "बसा सर, चहा टाकतो" म्हणाले, पण मी थांबलो नाही. घरी येऊन भिंतीलगतच्या पलंगावर बसलो. पलीकडे बराच वेळ नुसता कपबशांचा आवाज होता. मग पोराचा आवाज आला, "अब्बा, आप वेल्डिंग सीखे किससे थे?"

मग चाचा बोलू लागले. सुरुवातीला चाचपडत, मग भरभर. मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, रेडिओ लावू नकोस. पोराला जायला अजून चार दिवस होते.