आजी मुंबईला गेली नाही

माझी आजी अलिबागजवळच्या एका गावातून लग्न होऊन भोकरदनला आली, ती आजोबांच्या नोकरीमुळे. आजोबा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. अख्ख्या भोकरदनमध्ये ज्यू घर हे एकच. शेजारच्या बायका विचारायच्या, तुम्ही मुसलमान का? नाही. मग ख्रिश्चन? नाही. आम्ही बेने इस्राएल, आजी सांगायची. त्यावर पुन्हा प्रश्न, म्हणजे कोण? मग ती पहिल्यापासून सगळं सांगायला बसायची. देव एकच, त्याची मूर्ती नाही, शनिवारी काम नाही, चूलही नाही. कुणीतरी आजोबांना सुचवलं की सरळ ख्रिश्चन सांगत जा, कटकट मिटेल. आजोबांना ते थोडंफार पटलंही होतं. आजीनं त्यांना बजावलं की विचारणारे थकत नाहीत तोवर मीही थकणार नाही.

माझे वडील शाळेत असताना आजोबा गेले. जवळच्या हसनाबादला एका शेतकऱ्याची म्हैस अडली होती. तिला मोकळी करून ते ओट्यावर चहा घेत बसले आणि तिथंच कोसळले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचे भाऊ मुंबईहून गाडी घेऊन आले. मुंबईत आपली दफनभूमी आहे, आपली माणसं आहेत, तिकडेच नेऊ, असं त्यांचं म्हणणं. आजी म्हणाली, इथंच. इथं म्हणजे कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तो प्रश्न म्हशीच्या मालकानं सोडवला. त्यानं आपल्या शेतात बांधालगतचा कोपरा दाखवला आणि गावात कुणी काही बोललं तर मी बघून घेतो म्हणाला. कुणी काही बोललं नाही.

शोकाचे सात दिवस संपले तसं भावांनी सामान बांधायला सांगितलं. बाई तरुण, पदरात दोन मुलं, जवळ नात्याचं कुणी नाही. त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण आजी एव्हाना इथल्यासारखंच बोलायला लागली होती.

"मी कुठं बी जाऊन न्हाई राह्यले," ती म्हणाली. "माझा माणूस इथं हाय."

भाऊ परत गेले. ती मुलींच्या शाळेत शिवणाची बाई झाली. शनिवारी सकाळची शाळा असायची. पहिल्याच आठवड्यात तिनं मुख्याध्यापकांना सांगितलं की शनिवारी मी येणार नाही. ते चिडले. एका बाईसाठी वेळापत्रक बदलायचं का, असं त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर विचारलं. बदलू नका, म्हणाली, मी रविवारी शिकवीन. त्यांना वाटलं चार दिवसांत हा हट्ट उतरेल. रविवारी शाळेला कुलूप, म्हणून मुली आमच्या घरी येऊ लागल्या. पडवीत सतरंजी, मध्ये मशीन, आणि झबली, परकर, पोलकी. आया मुलींना सोडायला येत आणि स्वतःही बसून राहत. पुढं मुख्याध्यापकांची मुलगीही त्या सतरंजीवर बसली. शनिवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि आजीनंही कधी रजेचा अर्ज दिला नाही. अर्ज दिला तर ती रजा होते, म्हणायची, आणि ही रजा नाही.

मोठे काका इस्राएलला गेले. त्यांनी तिला तिकडे बोलावून घेतलं, कायमचंच. काही महिन्यांत ती परत आली. सगळं चांगलं होतं म्हणाली, रस्ते, दवाखाने, शनिवारी तर अख्खं गाव बंद. "पण मराठीत भांडायला कुणी न्हाई. मंग बाईनं करायचं काय?" विमानतळावर काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही तिनंच सांगितलं, आणि सांगताना स्वतःचे डोळे पुसले. मुलावर तिचा जीव होता. तरीही ती आली.

ऐंशी उलटल्यावर वडिलांनी तिला आमच्याकडे जुन्या जालन्यात आणलं. तिथल्या घरमालकाला आमच्या दाराच्या चौकटीवरचा मेझुझा खटकला. हातभर अंतरावरून तो त्या डबीकडे बघत राहिला. आत काय आहे, भाडेकरू विचारतात, काढून ठेवा, म्हणाला. आजीनं खुर्ची मागवली, दारातच बसली आणि त्याला आत काय आहे ते समजावून सांगितलं. देवाचं वचन आहे, येता-जाता हात लावायचा. तास गेला. शेवटी तो राहू द्या, राहू द्या म्हणत जिना उतरला. मी तेव्हा कॉलेजात होते. इतका वेळ घालवण्यापेक्षा डबी आतल्या बाजूला लावली असती तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आज आत, उद्या कपाटात, परवा विसरलो."

ती नव्वदी पार करून गेली, शुक्रवारी सकाळी, घरीच. सूर्य मावळून शनिवार लागायच्या आत दफन व्हायला हवं होतं. इस्राएलहून काका फोनवर रडत होते आणि तरीही सांगत होते, संभाजीनगरहून विमान बघा, नाहीतर गाडी करा, पण मुंबईला न्या. मृतासाठी म्हणायची कद्दीश ही प्रार्थना दहा ज्यू पुरुषांशिवाय होत नाही. जालन्यात दहा कुठून आणणार? वडील घुटमळले. मोठ्या भावाचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मी फोन घेतला आणि आजी हसनाबादला जाणार आहे असं सांगितलं. तिनं मला सांगून ठेवलं होतं.

आई, मी आणि शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या चाची, आम्ही तिला आंघोळ घातली. कफन तिनं स्वतःच शिवून ठेवलेलं, रीतीप्रमाणे दोऱ्याला एकही गाठ न मारता. हसनाबादला त्या शेतकऱ्याच्या नातवानं आजोबांच्या शेजारी खड्डा तयार ठेवला होता. बांधावर बरीच माणसं उभी होती. तिच्या शाळेतल्या मुली, आता आज्या झालेल्या, आल्या होत्या.

वडिलांनी कद्दीश सुरू केली आणि त्यांचा आवाज बसला. पुन्हा प्रयत्न केला, जमेना. मी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं. हिब्रू शब्द देवनागरीत छापलेले होते. व्हिडिओ कॉलवरून काका म्हणाले, बायका म्हणत नाहीत गं. मी वाचायला लागले. आमेन कुठं म्हणायचं हे लोकांना माहीत नव्हतं, तेव्हा वडील हात वर करत. शाळेच्या मुली आमेन म्हणाल्या, चाची आणि त्यांच्या घरचे आमीन म्हणाले, शेतकऱ्याचा नातू जे ऐकलं ते म्हणाला. शेवटच्या ओळीला फोनमधूनही एक आमेन आलं.

मुंबईच्या नातेवाइकांपैकी एकांनी नंतर विचारलं की हे असं धर्माला धरून झालं का. मी हो म्हटलं. त्यांनी दहाचा नियम पुन्हा समजावला. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा हो म्हटलं. दर वर्षी मी तिथं जाते, कद्दीश मीच म्हणते, आणि कुणी विचारलं की तुम्ही नेमके कोण, तर बांधावर बसून सगळं पहिल्यापासून सांगते.