एक ते साडेतीनचं कुलूप

डिचोलीच्या एका खाण कंपनीत नमुन्यांच्या खोलीची चावी वीस वर्षं माझ्या कमरेला होती. बोटीत भरलेल्या खनिजाचे नमुने तिथं पिशव्यांतून ठेवत. मी मराठी चौथी शिकलेला. पण माझ्या खोलीतली एक पिशवी कधी इकडची तिकडे झाली नाही.

गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. चावी गेली आणि कार्ड आलं. दाराला विजेचं कुलूप, ते चालवणारा कॉम्प्युटर बाहेर ऑफिसात. तो बसवायला एक मुलगी आली. ती कोंकणीत विचारी, मी मुद्दाम मराठीत उत्तर देई. मराठी-कोंकणीच्या भांडणात मी कुठल्या बाजूला होतो ते तिला कळावं म्हणून. तिला त्याचं काही नव्हतं.

"काका, कोणाक कोणाक भितर सोडपाचें?"

"मला."

"आनी म्यानेजर?"

"त्यांना मी नेईन."

पडद्यावर माणसांच्या ओळी आणि वेळांचे चौकोन. चौकोनात खूण असली तर दार उघडतं, नसली तर नाही. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठला चौकोन कुठं ते मी पाठ केलं. मग सांगितलं, "एक ते साडेतीन सगळ्यांना बंद कर. मलासुद्धा." आमच्याकडे त्या वेळात माणूस जेवून न्हीद काढतो. तेव्हा त्या खोलीकडे फिरकेल तो चोरच.

"पूण भितरल्यान उघडपाक बटण जाय, काका."

"म्हणजे चोर आत सापडला तर त्यानं बटण दाबून चालू पडायचं?"

"आनी तुमीच सांपडले जाल्यार?"

"बाय, वीस वर्षांत सापडलो नाही."

बटण बसलं नाही. पासवर्ड माझ्याकडे राहिला. म्यानेजरांसमोर मी छाती ठोकून म्हटलं, "हा माझ्याबरोबर सरणावर जाईल."

त्यानंतर महिन्याभरानं कारापूरला आमची पालखी होती. देवळात गाऱ्हाणं झालं की पहिला खांदा आमच्या घराचा. आमची पाळी पाच वर्षांनी येते. त्या घडीला आमचा माणूस हजर नसला तर मान चुलतभावाच्या घराकडे जातो. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. पुढच्या पाळीला उभा राहीन याचा भरवसा नव्हता. गाऱ्हाणं दोनला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, धुतलेलं धोतर पिशवीत घेऊन मी तयार होतो. निघता निघता सकाळच्या चार पिशव्या जागेवर लावाव्या म्हणून आत गेलो. चिठ्ठ्या बांधल्या, गाठी ओढून बघितल्या. दाराशी येऊन कार्ड लावलं तर लाल दिवा. घड्याळात एक वाजून चार मिनिटं.

खोलीतला फोन फक्त गेटवर लागायचा. गेटवर सिंधुदुर्गातला दारवान. तो धावत आला, बाहेरून कार्ड लावलं, परत जाऊन फोनवर म्हणाला, "काका, लाल दिवो पेटता."

"तुझं चालणार नाही. तुला यादीतून मीच काढलाय. साहेबांना फोन लाव."

"लावलंय. दुपारचा कोण उचलतला? तुमी पासवर्ड सांगा, मी उघडतंय."

मी फोन ठेवला.

खोलीला जनेल नव्हतं. होती ती एक खिडकीही मीच बुजवून घेतलेली. वर एक ट्यूब, चारी बाजूंना तांबड्या मातीच्या पिशव्या, श्वास घेतला की नाकात तीच माती. मी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. कार्ड शर्टाला पुसून पुन्हा लावलं, उलटं लावलं. फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. दारवानाला पासवर्ड सांगायचा? उद्या सगळ्या कंपनीत बोलेल. एक वीस. एक पस्तीस. एवढ्यात देवळात लोक जमले असतील, कुणीतरी म्हणत असेल, येईल, त्याचं घड्याळ चुकत नाही. पावणेदोनला मी फोन उचलला.

पासवर्ड सांगितला. पुढं काय वाचायचं ते त्याला कळेना, मला तर नाहीच. मी डोळे मिटून सांगत गेलो. "डावीकडचं तिसरं दाब. वरून चौथी ओळ माझी. तिच्या शेवटचा रिकामा चौकोन, त्यात खूण कर."

"हयसर पाच ओळी दिसतत, काका."

"वरची सोड, त्या वेळा आहेत, ती माणसाची ओळ नव्हे!"

त्याला ऑफिसातून गेटवर, गेटवरून ऑफिसात असं चार वेळा धावावं लागलं. दार उघडलं तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तो हसला नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो घेतलासुद्धा नाही.

नाक्यावरचा भाड्याच्या मोटरसायकलचा पायलट झोपेतून उठवला आणि त्याच्या मागं बसून कारापूर गाठलं. पालखी देवळाबाहेर पडली होती. पुढच्या दांड्याखाली चुलतभाऊ.

"दहा मिनटां थांबलो तुझ्यासाठी," तो चालता चालता म्हणाला. "खय होतास?"

"कोंडलो होतो."

"कोणी कोंडलो?"

"मीच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मागं खांदो दी. आमच्याच घराचो तो."

मागं द्यायला मी काय पाहुणा होतो? नको म्हटलं. धोतर पिशवीतच होतं. खाकी पँटीत, तांबड्या मातीच्या हातांनी, मी सगळ्यांच्या मागून वाड्यावाड्यावरून फिरलो, आणि कुणाही बाईनं ओवाळायला ताट पुढं केलं की बाजूला झालो.

पुढच्या पाळीला माझ्या मुलानं खांदा दिला. मी पायरीवर बसून बघितलं.