सुमनसाठी आणलेली विजेची शेगडी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत वीज होती, पण ती फक्त उजेडापुरती होती, हे मला जरा उशिरा कळलं.

माझी बायको सुमन बाळंतपणासाठी चिपळूणला माहेरी गेली आणि खोली मला खायला उठली. मी कपबशीशी बोलू लागलो! (निदान ती मध्ये बोलायची नाही.) लेकीच्या बारशालाही रजा मिळाली नाही. सुमनला कोळशाचा धूर सोसत नसे, म्हणून ती परत यायच्या दिवशी मी विजेची शेगडी आणली. आल्या आल्या तिच्या हातात गरम चहा द्यायचा, बस्स!

खोलीत प्लग नव्हता. मी दिवा काढून त्या जागी शेगडीची वायर जोडली. तार लालबुंद झाली, मी खूश झालो आणि फ्यूज उडाला.

शेजारचे मालवणी नाना धावत आले. "मेल्या, ही लाइन पाच अँपिअरची! तुझी शेगडी सात ओढता!"

"मग काय करू?"

"फ्यूजात जाड तार घाल. बारीक वितळता, जाड वितळूची नाय!"

तर्क बिनतोड वाटला. घातली. आमचा फ्यूज खरंच उडाला नाही. दिवेलागणीला अख्ख्या चाळीचा उडाला!

तिन्ही मजले काळोखात. खाली जोशांकडे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चालू होता. जोशीकाका ओरडले, "अरे, कोणी वाट लावली? मुलाने अजून मुलगी बघितली नाही!"

बघितली तर मीही नव्हती! तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अहो, आहात का?"

तो आवाज ऐकायला किती महिने कान आसुसले होते! काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडून निघालं, "फ्यूज गेला."

"जळका वास कसला येतोय?"

"तुझ्यासाठी चहा ठेवला होता."

सुमन पायरीवर बसून हसत सुटली. मग तिने चाचपडत बाळ माझ्या हातात दिलं. माझी लेक मला पहिल्यांदा भेटली ती अशी, अंधारात: इवलंसं नाक, घट्ट मूठ आणि दुधाचा वास. कोणी दिवे लावूच नयेत, असं मला वाटत राहिलं.

सुमनने कंदील लावला, कोळसे पेटवले आणि जोशांच्या पाहुण्यांसकट सगळ्यांना चहा केला.

आज माझ्या घरात भिंतीभिंतीला प्लग आहे. सुमन नाही. चहा मीच करतो. तो दररोज बिघडतो आणि दोष द्यायला आता मेला फ्यूजसुद्धा उडत नाही!